गार खोलीतली झोप

“उठवू नका न ताई, आत्ताच तर डोळा लागला तिचा,” सुलोचना मावशी कुजबुजली.

दुपारच्या सुट्टीत मी जुईला पाजायला ऑफिसच्या पाळणाघरात आले होते. “आत्ताच” हे मावशीचं नेहमीचंच होतं. सकाळच्या चहाच्या वेळी डोकावले होते, तेव्हाही डोळा “आत्ताच” लागलेला होता. माझी दहा महिन्यांची पोरगी घरी पंख्याचं बटण दाबलं तरी दचकून उठायची. इथे ती तोंड उघडं टाकून, हातपाय सैल सोडून पडली होती. आणि ती एकटीच नाही. गादीवर ओळीनं नऊ मुलं होती, नऊच्या नऊ झोपलेली.

मी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तिनं डोळे उघडले, मी कोणी परकी बाई असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, दोन घोट घेतले आणि पुन्हा मान टाकली.

“मुलांचं बरं जमतं बाई तुम्हाला,” मी म्हणाले. सगळ्याच आया हे म्हणायच्या. मावशी लाजून हसली.

“माह्या तीन पोरी असेच वाढवले न जी. लेकराले कळते, कोनापाशी निजाव आन् कोनापाशी नाही.”

आज जुई नववीत आहे. तरी अजून कुठल्याही बंद खोलीत शिरले की माझी नजर आधी छताकडे जाते.

आमची कंपनी इमारती आणि कारखाने यांचं डिझाइन करून द्यायची. मी वातानुकूलन विभागात होते. कुठल्या मॉलला किती टनाचं मशीन लागेल, भिंतीत इन्सुलेशन किती जाड घालायचं, बाहेरची ताजी हवा किती आत घ्यायची, हे काढणं माझं काम. वर्धा रोडवर नवी काचेची इमारत झाली आणि आम्ही तिथे गेलो, तेव्हा तिचंही गणित आमच्याच विभागानं केलं. घरचंच काम म्हणून कोणी ते पुन्हा तपासलं नाही. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते.

पाळणाघर मागाहून सुचलं. बायकांची संख्या वाढली, तेव्हा एचआरच्या देवतळे मॅडमना कोणीतरी कायदा दाखवला. मग नकाशात जे स्टोअर होतं, ते रिकामं करून भिंतींवर हत्ती आणि फुगे रंगवले. त्या हत्तींच्या भरवशावर मी नोकरीवर परतले होते. नवरा चंद्रपूरला वीज केंद्रात, आठवड्यातून एकदा यायचा. घरी तिसरं कोणी नाही. हे पाळणाघर नसतं तर मी घरीच बसले असते.

मे महिन्यात नागपूर कसं असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. बाहेर डांबर मऊ व्हायचं आणि ती खोली माठासारखी गार असायची. पश्चिमेच्या भिंतीला आतून काचलोकरीचा, म्हणजे ग्लासवूलचा, जाड थर होता, त्यावर बोर्ड. वर स्प्लिट एसी. दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी. ती पट्टी मात्र नंतर लागली. शेजारी मीटिंग रूम होती, आणि एका परदेशी क्लायंटनं फोनवर विचारलं होतं म्हणे, तुमच्याकडे मांजरं पाळली आहेत का. दुसऱ्याच दिवशी पट्टी आली. मांजरं गप्प झाली.

अकाउंट्समधल्या पल्लवी हरकरेनं मला पँट्रीत गाठलं. तिचा दीड वर्षाचा ईशान जुईच्या शेजारी झोपायचा.

“शलाका, तुला काहीच वाटत नाही का गं?”

“कशाचं?”

“ईशान घरी रात्री बारापर्यंत नाचत असतो. इथे चार-चार तास गाढ. अशी कोणाची मुलं झोपतात का? ते पण सगळी एकदम?” तिनं दाराकडे पाहिलं. “ती काहीतरी पाजून राहिली त्यांना.”

मी कप ओट्यावर ठेवला.

“काहीही बोलू नकोस.”

“मी तिची पिशवी पाहिली. बाटली आहे आत. सर्दी-खाजेचं असतं न ते औषध, मोठा माणूस आडवा होतो त्यानं. मी फोटो काढून ठेवला आहे.”

रात्री उठून जुईच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी बाई मी. पल्लवीनं एवढं सांगितल्यावर मला कसलं काम सुचणार! तशीच पाळणाघरात गेले आणि सरळ विचारलं.

“मावशी, पिशवीत औषध कसलं आहे?”

ती लंगोट घड्या करत होती. “माह्यं आहे न ताई. अंगावर पित्त उठते मले उन्हाळ्याचं. घरी गेल्यावर घेते, मग निजते.” तिनं पिशवीच माझ्यापुढे केली. “काहून जी? काही झालं का?”

“काही नाही,” मी म्हणाले. पण माझा विश्वास बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जेवण झाल्यावर गादीवर जाऊन बसले. जुईला बरं नाही असं सांगितलं. खरं म्हणजे मी पहारा द्यायला बसले होते. मावशीच्या प्रत्येक हालचालीवर माझा डोळा. तिनं ईशानला वरण-भात भरवला, मी वाटी वास घेऊन पाहिली. तिनं नऊंतल्या जुळ्या भावंडांना दूध दिलं, बाटली मी स्वतः भरली. तिनं थर्मासातला अर्धा चहा मला दिला, उरलेला स्वतः घेतला. मुलं आधी खेळत होती, मग ठोकळ्यांवरच पेंगायला लागली. एक, दोन, पाच. कोणी काही पाजलं नव्हतं. मी हे माझ्या डोळ्यांनी बघत होते.

आणि मग माझेच डोळे मिटले.

जाग आली तेव्हा डोकं शिशासारखं झालं होतं, तोंड कोरडं. भिंतीला टेकून मावशी घोरत होती. सगळी मुलं पडलेली. काही क्षण मला कळेना मी कुठे आहे. मग कानात एसीची घुरघुर आली आणि सवयीनं मी वर पाहिलं. कुठल्याही साइटवर गेले की पहिल्यांदा छत बघायची सवय. छत कोरं होतं. मोठ्या हॉलमध्ये ओळीनं जाळ्या असतात, ज्यांतून बाहेरची हवा आत येते, तशी एकही जाळी इथे नव्हती. खिडकी नव्हती. फक्त स्प्लिट एसी, आणि तो बाहेरची हवा घेत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत फेकतो. तीच ती. सकाळपासून दहा जणांनी आत घेतलेली आणि सोडलेली.

स्टोअरला कोण ताजी हवा देणार? स्टोअरमध्ये श्वास घेणारं कोणी नसतंच.

मी उठून दार उघडलं आणि दारात खुर्ची अडकवली. थोड्या वेळात ईशान उठून रडायला लागला. त्याचं रडणं ऐकून मला एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. मीटिंग रूममधून कोणीतरी आलं, सॉरी म्हणालं, खुर्ची बाजूला केली आणि दार लावून गेलं.

आमच्याकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर होतं, सिनेमागृहांच्या तपासणीला न्यायचो ते. बाहेरच्या हवेत ते चारशेच्या आसपास दाखवतं. हजारापर्यंत चालतं. मी ते दुसऱ्या दिवशी पाळणाघरातल्या फळीवर ठेवलं आणि लांब जाऊन बसले. दुपारी त्यावर साडेतीन हजारांच्या वर आकडा होता.

मोहरील सर आमचे विभागप्रमुख. माणूस हुशार, सगळी गणितं तोंडावर. मी मीटरचा आकडा सांगितला तेव्हा ते डबा खात होते.

“अगं, त्या खोलीचं कूलिंग मी स्वतः काढलं आहे,” ते म्हणाले. “नऊ मुलं. लहान मुलाची उष्णता पुरुषाच्या पाऊणपट धरायची, बाईची पंच्याऐंशी टक्के. तक्त्यातच आहे, मी नाही म्हणत! म्हणजे तू मला कधीच पुरी पडणार नाहीस.” ते हसले. हा त्यांचा जुना विनोद होता. “एका टनाचं मशीन भरपूर झालं. खोली गार आहे की नाही?”

“गार आहे सर. पण ताजी हवा शून्य आहे. तुम्ही त्यांच्या अंगाची उष्णता मोजली, श्वास कुठे मोजला?”

त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला.

“शलाका, पुढच्या महिन्यात हरित इमारतीचं प्रमाणपत्र देणारं पथक येऊन राहिलं आहे. रिसेप्शनमध्ये बोर्ड लागणार आहे. आणि तू हे कागदावर आणणार आहेस का, की आपल्याच ऑफिसात, आपल्याच विभागानं, पाळणाघराला हवा दिली नाही?”

“मुलं गुंगीत असतात सर. आणि लोक म्हणतात बाई औषध पाजते.”

“हो?” त्यांनी मान वर केली. “कोण म्हणतं?”

मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघायला हवं होतं असं नंतर कितीदा वाटलं. पण त्यानं काही बदललं नसतं. पल्लवी आदल्याच दिवशी फोटो घेऊन देवतळे मॅडमकडे जाऊन आली होती.

मीटिंग रूममध्ये आम्ही सगळे खुर्च्यांवर बसलो होतो. देवतळे मॅडम, मोहरील सर, पल्लवी, जुळ्यांची आई आणि मी. मावशी उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही, म्हणून मी उठून माझी खुर्ची दिली. ती बसली नाही. टेबलावर तिची औषधाची बाटली ठेवली होती.

“ही तुमची?” देवतळे मॅडमनी विचारलं.

“हो जी.”

“मुलांच्या खोलीत का आणली?”

“पिशवीत राहते न मॅडम. मी घरून निघते तं रात्रीच पोचते.”

“निम्मी संपली आहे.”

“मी घेतली न जी. माह्याच साठी आहे ते.”

“मॅडम, मी बोलू?” मी म्हणाले. “मुलांना कोणी काही पाजलेलं नाही. त्या खोलीत बाहेरची हवाच येत नाही. मी मोजलं आहे. इतक्या कोंडलेल्या हवेत कोणालाही झोप येईल.”

देवतळे मॅडमनी मोहरील सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत नव्हते.

“मीटर नाजूक असतं,” ते म्हणाले. “जवळ वाकून पाहिलं, श्वास लागला, की आकडा चढतो. शलाकाला माहीत आहे हे.”

“मी लांब बसले होते सर!”

“असशील. पण आई आहेस, काळजीत होतीस. होतं असं.”

हे ते इतक्या मायेनं म्हणाले की जुळ्यांच्या आईनं माझ्या हातावर थोपटलं.

“मग मी कशी झोपले?” माझा आवाज चढला. “परवा दुपारी मी स्वतः तिथे बसले होते. बसल्या-बसल्या मला झोप लागली. मला तर कोणी पाजलं नव्हतं?”

“ऑफिसच्या वेळेत?” देवतळे मॅडम म्हणाल्या.

“रजा टाकली होती मॅडम.”

पल्लवी पुढे वाकली. “शलाका, त्या दिवशी तू तिथे काही खाल्लंस? प्यालीस?”

आठवायला मला वेळ लागला नाही. आणि आठवलं तसं मी टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं.

“सांग न.”

“चहा,” मी म्हणाले. “पण तोच चहा मावशीही प्यायली. तीही झोपली होती!”

“तुझ्यासमोर प्यायली?”

“हो.”

“दोघींचे कप तूच भरलेस?”

“नाही,” मी म्हणाले. पुढे मी काय-काय बोलत राहिले ते मला आठवत नाही. मुलांनी तर चहा घेतला नव्हता, तरी ती पेंगत होती हेही सांगितलं. पण खोलीतला प्रत्येक चेहरा बंद झाला होता. मी मावशीची साक्षीदार म्हणून बोलायला उभी राहिले होते. पाच मिनिटांत मी तिनं गुंगी दिलेली आणखी एक बाई झाले.

“पोलिसात देत नाही आहोत,” देवतळे मॅडम म्हणाल्या, “एवढं समजून घ्या. उद्यापासून येऊ नका.”

मावशीनं हात जोडले. रडली नाही. “काम जाऊ द्या मॅडम. पण असं नाव नका लावू जी. आमच्या वस्तीतल्या चार बाया याच लाइनीतल्या इमारतींत कामाले येतात. उद्या सगळ्यायले माहीत होईन. लेकराले विष देणारी म्हणतीन मले. मंग मले कोन दारात उभं करन?”

देवतळे मॅडमनी बाटली तिच्याकडे सरकवली. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते ईशानसाठी होतं. आणि मी तिला दोष देऊ शकत नाही. ती बाटली माझ्या जुईच्या शेजारी सापडली असती, आणि मला हवेचं गणित येत नसतं, तर मी मावशीचे केस धरले असते.

मोहरील सरांनी मला जिन्यात थांबवलं.

“रविवारी भिंतीला होल मारून फॅन बसवून देतो. ताजी हवा येईल. पाहिजे तर तू काढ गणित, तू म्हणशील तेवढी देतो. तुझी पोरगी आहे न आत? झालं तर मग.”

“आणि मावशी?”

“तो एचआरचा विषय आहे.”

मी देवतळे मॅडमना लेखी दिलं. आकडे लिहिले, कारण लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “मला यातलं काही कळत नाही गं. टेक्निकल आहे. मोहरील सरांची सही आण, मग बघू.” सरांनी सही केली नाही. मी काढलेलं गणित मात्र त्यांनी जसंच्या तसं वापरलं. रविवारी भिंत कापली, फॅन बसला, दाराखालच्या पट्टीचा एक तुकडा काढला. ऑफिसात सांगितलं, लंगोटांचा वास जायला केलं आहे.

सोमवारी नवी बाई आली. मंगळा नावाची, तरुण, गळ्यात ओळखपत्र. दुपारी मी पाळणाघराचं दार उघडलं आणि आवाजाचा लोंढा अंगावर आला. ईशान टेबलावर चढला होता. जुळी एकमेकांचे केस ओढत होती. जुई रांगत-रांगत माझ्याकडे आली, लाल तोंडानं, नाक गळत, टक्क जागी. मी तिला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. तेवढा एक क्षण मी नुसती आनंदात होते.

मग मागून पल्लवीचा आवाज आला. “बघ!” ती हसत होती, रडत होती. “बघ, एकही झोपलं नाही. आता तरी पटलं तुला?”

मी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे बोट केलं.

“पल्लवी, फॅन,” मी म्हणाले. “काल फॅन बसवला आहे. तो बघ.”

“अगं, तो वासासाठी आहे.”

“नाही गं. मीच काढून दिलं आहे किती मोठा लागेल ते. हवा आली म्हणून मुलं जागी आहेत.”

“शलाका,” ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “एवढं काय त्या बाईसाठी? आपण वाचलो. एवढ्याशा फॅननं झोप उडते होय?”

मी मीटर आणलं. आठशे दाखवत होतं. आधीचे आकडे आणि आजचे, दोन्ही सांगितले. जुळ्यांची आई कौतुकानं म्हणाली, “केवढं शिकली आहेस गं तू.” संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला माहीत झालं होतं. बाई गेली आणि मुलं जागी झाली, यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे! देवतळे मॅडमनी सगळ्यांना ईमेल केला की मुलांच्या सुरक्षिततेबाबत कंपनी तडजोड करत नाही. पुढच्या महिन्यात पथक येऊन गेलं, बोर्डही लागला. खोलीतली हवा पाहून पथकानं समाधान व्यक्त केल्याचं मोहरील सरांनी विभागात वाचून दाखवलं.

फॅन लागल्याच्या आठवड्यातच मावशी आली होती. तिचा डबा आणि चपला राहिल्या होत्या. गार्डनं तिला पाळणाघराच्या दारापर्यंतच येऊ दिलं. मंगळानं वस्तू आणून दिल्या, पण मावशी हलली नाही. ती आत बघत राहिली. भर दुपार होती. नऊही मुलं जागी होती, कोणी रडत होतं, कोणी ठोकळे आपटत होतं.

मी जुईला कडेवर घेऊन बाहेर आले.

“ताई,” ती म्हणाली, “खरंच जागे आहेत न जी सगळे.”

“मावशी, तो फॅन पाहता न? आधी इथे हवाच येत नव्हती. खिडकी नाही, दार बंद. म्हणून झोप यायची त्यांना, तुम्हालाही यायची. तुमचं काही चुकलेलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, लिहूनही दिलं.”

तिनं फॅनकडे पाहिलं. मी बोलत होते तोवर पाहत राहिली. मग मान हलवली, पण पटलं म्हणून नाही.

“तुमी मनाच्या मोठ्या आहा, म्हणून म्हनता.” तिचा आवाज खाली गेला. “मी लय विचार केला ताई. दवा तं नाही देल्ली मी, माह्या पोरींची आन. पन मी खर्रा खाते. तुमाले कोनाले माहीत नाही. गच्चीवर जाऊन खायचे दोन टायम. हात धुवायचे, पन तो वास कुठं जाते लवकर? त्याच हातानं भरवलं न पोरायले. तंबाखूच ते. तेच चढत असन का जी त्यायले?”

“नाही मावशी! ऐका माझं. त्याचा काही संबंध नाही. हवा—”

“हवेनं काय होते जी,” ती म्हणाली. “मी गेली आन् जागे झाले न.”

जुईनं तिला ओळखलं होतं. माझ्या कडेवरून अर्धी बाहेर लटकून तिनं दोन्ही हात पसरले आणि ओरडायला लागली.

मावशीनं डबा काखेत धरला आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.